संकासुराचं अप्रेझल

पारंपरिक दशावतारी नाटकाला नाटककार नसतो. दिग्दर्शक नसतो, तालीम नसते, प्रॉम्प्टर नसतो, आणि लिहून काढलेलं वाक्य तर औषधालाही सापडत नाही. तरीही त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर मध्यरात्री डझन-दीड डझन माणसं उभी राहतात, पहाटेपर्यंत अख्खं आख्यान रंगवतात आणि दहीहंडी फोडून पुढच्या गावाला निघतात. मीटिंगच्या आधीची मीटिंग ठरवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला हे पहिल्यांदा बघून आनंद वगैरे होत नाही. संशय येतो. कुठेतरी एक एक्सेल शीट नक्की असणार आणि ती आपल्यापासून लपवली जातेय, असं वाटत राहतं.

तो माणूस मी. एका कंपनीत थोड्या माणसांचा साहेब आहे आणि दरवर्षी जानेवारी ते मार्च त्यांचं अप्रेझल करतो. म्हणजे कोण किती पाण्यात आहे, हे काठावर बसून ठरवतो. मी वाढलो पुण्यात, तेव्हा नाटक आपल्याला कळतं हा समज जन्मदाखल्यासोबतच मिळालेला. कॉलेजात असताना भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला जाऊन ‘अरे आवाज कुणाचा’ ओरडण्याची उमेदवारीही केलेली. पण सासुरवाडी मिळाली कुडाळ तालुक्यातली. तिथे नाटकाला तिसरी घंटा नसते, मध्यंतरातला बटाटेवडा नसतो, आणि सुरू कधी होणार असं विचारलं तर ‘पालखी इली की’ एवढंच उत्तर मिळतं. पालखी कधी येणार, हा देवाचा प्रश्न.

सासऱ्यांना अख्खं गाव भाऊ म्हणतं. एसटीत कंडक्टर होते. माणूस गाडीत चढतानाच तो कुठे उतरणार हे ओळखायची सवय त्यांना तिथे लागली आणि निवृत्तीनंतर त्यांनी ती सगळी दशावताराकडे वळवली. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर ही ऐकायला आडनावं वाटली तरी आहेत नाटक कंपन्या, आणि कुठल्या कंपनीत यंदा कोण कसा चाललाय याची भाऊंकडे खडान्‌खडा माहिती असते. लोकराजा म्हणून गाजलेले सुधीर कलिंगण 2022 मध्ये गेले. भाऊ आजही पडवीत बसून त्यांच्या एंट्र्या सांगतात आणि सांगता सांगता स्वतःच उठून एंट्री घेतात. मग सासूबाई आतून ओरडतात, ‘ओ, ती कळशी सांभाळा!’

पहिल्या खेपेला मी भाऊंना रीतसर विचारलं, ‘डायरेक्टर कोण यांचा?’

‘देव,’ भाऊ म्हणाले.

‘तसं नाही, मॅनेजमेंट कोण बघतं?’

‘मालक आसा मा. तो आता झोपलो आसतलो.’

मालक झोपलाय आणि काम चालू आहे, ही व्यवस्था मला नीट समजून घ्यायची होती. म्हणून भाऊंच्या ओळखीने रंगपटात गेलो. रंगपट म्हणजे देवळाच्या बाजूची एक पडवी. नट जमिनीवर ओळीने बसलेले, प्रत्येकापुढे आपापला आरसा आणि प्रत्येकजण आपापलं तोंड रंगवतोय. इथे रंगभूषाकार वेगळा नसतो. मध्ये कंपनीचा पेटारा. त्यात वेशभूषेबरोबर गणपतीही असतो आणि खेळाआधी त्याची पूजा होते. कोपऱ्यात एक दणकट मिशीवाला गृहस्थ आरशात बघत, शांतपणे, मिशी उतरवत होता. तो राणी होणार होता. स्त्रीभूमिका पुरुषच करतात हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि तासाभराने त्याच माणसाला पदर सावरताना बघून आपण नकळत बाजूला सरकून वाट देणं वेगळं.

तेवढ्यात एका वडीलधाऱ्या नटाने कमरेचा शेला बांधता बांधता आजचं कथानक सांगितलं. ‘तू राजा. तू प्रधान. राणीवर आळ येतो, राजा तिला वनात धाडतो. वनात दैत्य. मग नारद, मग युद्ध, शेवटी शंकर.’ एकाने विचारलं, ‘राणीक मूल होता काय?’ उत्तर आलं, ‘होता, पण दैत्य मेल्यावर.’ बस्स. सात-आठ तासांच्या… नाही, रात्र किती लांबेल हे कुणालाच माहीत नसतं, पण सकाळपर्यंतच्या कामाची एवढीच पूर्वतयारी. आमच्याकडे नव्या कामाची पहिली बैठक दिवसभर चालते, पडद्यावर साठ-साठ चित्रं सरकतात, आणि तरी शेवटी राणीला मूल होतं की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं.

दशावतार म्हटल्यावर दहा अवतार बघायला मिळतील या हिशेबाने बोटं मोजत बसणाऱ्याची फसगत होते. आधी आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते, भटजी येतो. आणि मग ज्याच्यासाठी समोरची पोरं जागी राहिलेली असतात तो संकासुर. काळा वेश, लोंबती लाल जीभ आणि चोख मालवणी. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. ज्या नाटकाला संहिताच नाही, त्यातला पहिला गुन्हा संहितेच्या चोरीचा असावा, हे मला फार आवडलं. विष्णू त्याला मारतो खरा, पण मरायच्या आधी संकासुर गावातल्या खड्ड्यांपासून पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो. पुढारीही हसतो. वरिष्ठांबद्दलचा इतका मोकळा अभिप्राय, तोही वरिष्ठांसमोर, निनावी फॉर्मातसुद्धा कुणी देत नाही.

संकासुर मेला की खरं आख्यान सुरू होतं. राजा आला. रंगमंचावर राजवाडा म्हणून काय तर मागे एक पडदा आणि त्याच्यापुढे एक लाकडी बाकडं. त्यावर कापड टाकलं की सिंहासन, कापड काढलं की शिळा आणि राणी वनात दमून बसली की झाडाचं खोड. राजाचा आवाज असा की देवळाची घंटा आपोआप वाजावी. मी भारावून त्याच्याकडे बघत होतो. भाऊंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

‘राजाकडे काय बघतास?’

‘मग कुणाकडे बघू?’

‘बोलता तेच्याकडे सगळेच बघतत. बोलणा नाय तेच्याकडे बघा.’

मी प्रधानाकडे बघायला लागलो आणि माझी झोप उडाली. राजा पद गात होता आणि प्रधान ते ऐकत होता. आता यात काय, असं वाटेल. पण संवाद आधी ठरलेले नसल्यामुळे प्रधान ते खरोखरच पहिल्यांदा ऐकत होता. ऐकलं नाही तर पुढे बोलणार काय? ऐकता ऐकता त्याने बाकड्याच्या पायाखाली अडकलेलं राजाच्या शेल्याचं टोक पायाने अलगद सोडवलं, नाहीतर महाराज उठताना सिंहासनासकट उठले असते. त्याचा एक डोळा पडद्याकडे होता. पडद्यामागे राणीची काहीतरी पंचाईत झालेली असावी, कारण पद संपलं, राणीची हाक झाली आणि राणी आलीच नाही. क्षणभर शांतता. प्रधान हात जोडून पुढे झाला, ‘महाराज, राणीसाहेबांना बोलावण्यापूर्वी एक शंका. पत्नीचा न्याय करताना राजधर्म काय सांगतो?’

राजाने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला कळलं. बाकड्यावर एक पाय ठेवून त्याने राजधर्मावर जे काही सुरू केलं, त्यात मनू आला, हरिश्चंद्र आला, शिबी राजा कबुतरासकट आला. लोक माना डोलावत होते. मागच्या म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या. शेवटी पडद्याआड बांगड्या किणकिणल्या, तसा राजधर्म एका वाक्यात आटोपला आणि राणी आली. त्या रात्रीच्या नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग निऱ्या न बसल्यामुळे घडला होता.

मग मला दिसायलाच लागलं. मृदंगवाला नटाच्या तोंडाकडे फारसा बघत नाही, पायांकडे बघतो. युद्धात गिरकी घेणाऱ्याचा पाय कुठे पडणार ते त्याला पायाच्या आधी कळतं. झांजवाला मृदंगवाल्याच्या खांद्याकडे बघतो. पेटीवरचा कुणाकडेच बघत नाही असं वाटतं, पण नटाने चुकून भलत्याच पट्टीत पद उचललं की याची बोटं त्या पट्टीत आधीच जाऊन बसलेली. कोण कुणाला रिपोर्ट करतो, याचा तक्ता काढायला घेतला तर सगळ्या रेघा आडव्या निघतील.

आणि हे सगळे एकमेकांचे सोयरे आहेत म्हणून गोडीगुलाबीने चाललंय, असंही नाही. नारद आणि दैत्याचा वादविवाद म्हणजे राजरोस कुस्ती. दैत्याने त्या रात्री नारदाला पुराणातला असा एक आडवळणी प्रश्न घातला की नारदाची चिपळी वाजतच राहिली. ‘नारायण नारायण’ एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं तेव्हा पब्लिकच्या लक्षात आलं आणि खसखस पिकली. आमच्या ऑफिसात अशा वेळी प्रश्न घालणारा खुर्चीत मागे रेलून बसतो आणि सगळ्यांना ‘सीसी’त घेतो. दैत्य पुढे झाला, नारदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘की मुनिवर, उत्तर आकाशमार्गातच सांडलं? मग ते वैकुंठातून पुन्हा आणावं लागेल!’ नारदाने वैकुंठ तेवढं उचललं आणि तिथून अशी फिरत घेतली की टाळी नारदालाच पडली. पाच-सहा जण उठून बक्षीस देऊन आले. तेही नारदाला.

‘हो दैत्य खरो गडी,’ भाऊ म्हणाले. ‘पाडल्यान पण तेणा, आणि उठवल्यान पण तेणाच.’

लाइट गेली ती याच्यानंतर. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा कोकणातला काळोख. मृदंग थांबला नाही, हे आधी लक्षात आलं. मग अंधारातून दैत्याचं गडगडाटी हास्य, ‘पाहिलीस माझी माया!’ लोक खूश. थोड्या वेळाने लाइट आली तर रंगमंचाच्या मधोमध शंकर. ते बिचारे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, बहुधा चहाला, निघाले होते. त्यांच्या प्रवेशाला अजून पुष्कळ अवकाश होता. दैत्य मरायचा होता, राणीचं बाळंतपण व्हायचं होतं. राजाने तत्काळ लोटांगण घातलं. ‘देवाधिदेवा, अंधारातच प्रकट झालात!’ आता शंकर काय करणार? प्रकट झालेला देव काहीतरी दिल्याशिवाय परत जाऊ शकत नाही, आणि राजाला वर द्यावा तर नाटक तिथेच संपतं. त्यांनी शांतपणे दैत्याला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यालाच वर दिला आणि निघून गेले. कुणालाही खटकलं नाही. शंकराची ती जुनीच सवय आहे. दैत्याचं बळ मात्र आता अधिकृतपणे वाढल्यामुळे त्याला मारायला पुढे तासभर जादा लागला आणि दहीकाला उन्हात झाला.

परतीच्या रेल्वेत मी लॅपटॉप उघडला. अप्रेझलचा फॉर्म समोर होता आणि डोक्यात मृदंग. आमच्याकडे माणसांना गुण देऊन भागत नाही, ते गुण ठरलेल्या वळणात बसवावे लागतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवलेलं हे गणित: शंभरातले वरचे वीस उत्तम, मधले सत्तर बरे आणि खालच्या दहांना नारळ. दहा जणांची टीम घेतली तर दोन, सात आणि एक. दहा म्हटल्यावर मला दुसरी टीम कुठली सुचणार? दशावतारांनाच फॉर्म लावून बघितला.

राम आणि कृष्ण वरच्या दोनांत. तिथे चर्चा नाही, त्यांचं काम सगळ्यांना दिसतं. मधल्या सातांपैकी मत्स्याने बुडती माहिती वेळेवर बाहेर काढली, पण ते खातंच असं आहे की प्रलय आल्याशिवाय आठवण होत नाही. कूर्माने समुद्रमंथनात अख्खा मंदार पर्वत पाठीवर तोलला; रत्नं निघाली तेव्हा वाटपाच्या बैठकीला त्याला बोलावलं होतं की नाही, याची नोंद सापडत नाही. शेरा: ‘स्वतःला पुढे आणत नाही’. वराहाने पृथ्वी दातांवर उचलून आणली, पण ग्रूमिंगमध्ये गुण कमी. नरसिंहाने काम चोख केलं, मात्र दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. हजेरीपटात बसवायचं कुठे? वामनाचं उद्दिष्ट तीन पावलांचं. दोनांतच काम उरकलं आणि तिसरं ग्राहकाच्या डोक्यावर ठेवलं, ही तक्रार नोंदवलेली आहे. परशुरामाला तेच काम एकवीस वेळा करावं लागलं, म्हणजे पहिल्या वीस वेळा काय चाललं होतं? राहता राहिला नारळाचा मानकरी. कल्की मिळाला. तो अजून रुजूच झालेला नाही, त्यामुळे अपील करणार नाही.

गंमत सोडा, पण कूर्म प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडेही एक बाई आहेत. बैठकीत फार बोलत नाहीत, एखादा प्रश्न विचारतात. मी मागच्या बैठकी आठवून बघितल्या तर प्रत्येक वेळी तो प्रश्न कुणाच्या तरी निऱ्या बसत नव्हत्या तेव्हा आलेला. मी त्यांना भरघोस गुण दिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘योग्य वेळी राजधर्म विचारतात.’ मनुष्यबळ विभागाकडून फॉर्म परत आला. शेरा होता: कृपया आकड्यांत मांडा आणि पुरावा जोडा.

पुराव्यावरून आठवलं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि मोठमोठ्या चामडी चपलाही वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. कामाचा इतका सरळ पुरावा आमच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

भाऊंचे रकाने निराळे आहेत. दुसऱ्याला टाळी पडली की हा हसतो का? मेल्यावर कसा राहतो? हा निकष मला सुरुवातीला समजला नव्हता. युद्धात पडलेल्या दैत्याला पुढच्यांचं पद संपेपर्यंत रंगमंचावर पडून राहावं लागतं, आणि पहाटेचे डास पुराण मानत नाहीत. ‘जिते आसताना सगळेच नट,’ भाऊ म्हणतात, ‘मेल्यावर जो हलणा नाय, तेका मी मानतंय.’ आणि सगळं संपल्यावर पेटारा टेम्पोपर्यंत कोण उचलतो, ते बघायला भाऊ मुद्दाम थांबतात. मी बघितलं तेव्हा एका बाजूला दैत्य होता आणि दुसऱ्या बाजूला, अर्धी रंगलेली मिशी तशीच ठेवून, महाराज.

टीम कशी नसावी हे बघायचं असेल तर तेही मालवणीतच आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आलं. गावातल्या हौशी मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचा घाट घातला की काय काय होतं, त्याचा तो तपशीलवार अहवाल. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचावर उभा महाराष्ट्र वर्षानुवर्षं हसला. त्या नाटकातल्या प्रत्येकाला फक्त आपलाच प्रवेश माहीत असतो. आमच्या कंपनीत टीम-बिल्डिंगसाठी लोकांना रिसॉर्टवर नेऊन दोरीला लटकवतात. त्याऐवजी हे नाटक दाखवलं तर निदान दोरीचा खर्च वाचेल.

यंदा जत्रेला गेलो तेव्हा रजा पुरेशी नव्हती, म्हणून एक दिवस तिथूनच काम केलं. भाऊंच्या घरात रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, आणि तोच भाऊंचा सुपारी कातरायचा कोपरा. त्यामुळे तिमाहीची आढावा बैठक आम्ही दोघांनी मिळून घेतली. मी बोलत होतो, मागे अडकित्ता चालू होता. बैठक संपली. लॅपटॉप मिटला. भाऊंनी खांड तोंडात टाकलं.

‘तो चष्मेवालो बोलता बरा,’ ते म्हणाले. ‘पण दुसरो बोलूक लागलो की मोबाइलात बघता. दाढीवाल्याक कायच माहीत नाय, पण मान बरोबर वेळेक हलवता, तो फुडे जातलो. आणि ती डाव्या कोपऱ्यातली बाई. तिणा तुमका दोनदा वाचवल्यान.’

‘मला? कधी?’

‘तुमी आकडो विसारलात तेव्हा. तिणा इचारल्यान मा, “सर, हे मागच्या तिमाहीपेक्षा बारा टक्के जास्त ना?” तुमका वाटला ती इचारता. ती सांगी होती.’

मी गप्प बसलो. पण माणसाचा स्वभाव. थोड्या वेळाने विचारलंच, ‘आणि मी कसा वाटलो?’

‘तुमी काय, राजा,’ भाऊ म्हणाले. ‘बाकड्यार बसलेले बरे दिसतास.’

‘शेवटी टीमबद्दल बोललो ते कसं वाटलं?’

‘ता बरा होता. माका आवाडला.’ भाऊंनी अडकित्ता मिटून डब्यात ठेवला. ‘फक्त तेव्हा तुमचो माइक बंद होतो. मगे सगळ्यांनी टाळ्ये वाजवल्यानी. बरी टीम आसा तुमची.’